ताईचं ड्रेसिंग टेबल मांडलं तेव्हा

आमच्या खोलीतलं ड्रेसिंग टेबल दोघी बहिणींचं होतं. वरचे दोन खण ताईचे, खालचे दोन माझे, आणि आरशापुढची हातभर फळी दोघींची. प्रत्यक्षात ती फळी माझ्याच ताब्यात होती. ताई सकाळी शाळेत शिकवायला जाताना हाताला येईल ते उचलायची आणि हात पोचेल तिथे टाकायची. पावडरचा डबा उघडा, कंगव्यात केस तसेच, पिना सगळीकडे. दुपारी कॉलेजातून आले की मी सगळं खाली उतरवून फळी ओल्या फडक्याने पुसायची. हिवाळ्यात फडकं तांबडं व्हायचं, कारण गावाबाहेर मिरच्या वाळत घातलेल्या असत आणि वारा आमच्या बाजूचा असे. पुसता पुसता शिंका यायच्या. मग मी पुन्हा मांडायला बसायची.

माझी स्वतःची एक पद्धत होती. उंच वस्तू मागे आणि एका बाजूला, बुटक्या पुढे. तीन वस्तूंचा घोळका करायचा आणि त्याच्या शेजारी काहीच ठेवायचं नाही. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत मनीप्लांट, मुखवासाच्या जुन्या स्टीलच्या ट्रेमध्ये अत्तराच्या दोन बाटल्या, आणि बांगड्यांसाठी मम्मीच्या खणाच्या ब्लाउजपीसचं कापड गुंडाळलेली पुठ्ठ्याची नळी. थोडं मोबाइलवरच्या व्हिडिओंमधून उचललेलं होतं, थोडं माझं. मम्मी दारातून डोकावून पप्पांना ओरडून सांगायची, "देखा, तुमनी आंडेरनं दुकान मंडाई गयं!" म्हणजे तुमच्या लेकीचं दुकान मांडून झालं, आणि लगेच माझ्याकडे वळून म्हणायची, "बेबी, जेवायला चल."

हे असंच होतं आमच्याकडे. घरात सगळे एकमेकांशी अहिराणी बोलत आणि माझ्याशी शुद्ध मराठी. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, ती मराठी शाळेत शिकली. माझ्या वेळेपर्यंत गावात इंग्रजी शाळा निघाली होती. पप्पांनी मला तिथे घातलं आणि घरात फर्मान काढलं की पोरीच्या कानावर गावठी पडू द्यायचं नाही. माझ्या कानावर ते पडतच होतं, फक्त ते माझ्याशी बोललेलं नसे. मला सगळं कळायचं, पण बोलायला गेले की चुलत भावंडं हसायची, म्हणून मी उत्तर मराठीत द्यायची किंवा द्यायचीच नाही. शाळेतही फार बोलत नव्हते, कारण तिथे इंग्रजी बोलायला लागे आणि तेही मनात दोनदा म्हणून बघितल्याशिवाय तोंडातून निघत नसे. सगळ्यांना मी घुमी वाटायची. अजूनही वाटते.

घरात एकटी ताई माझ्याशी अहिराणी बोलायची, तीही फक्त आमच्या खोलीत. संध्याकाळी स्वयंपाकघरात मम्मी दादर ज्वारीच्या भाकरी थापत असायची, तो थपथप आवाज भिंतीतून यायचा. ताई मला आरशापुढच्या स्टुलावर बसवून डोक्याला तेल लावायची. "काय वं, आज कोनसंगे बोलनी?" हा तिचा रोजचा पहिला प्रश्न. कॉलेजात माझ्याशी कोणी बोलत नाही, मी डबा ग्रंथालयाच्या मागच्या पायऱ्यांवर एकटी खाते, हे मी फक्त तिला सांगितलं होतं. एका विषयात नापास झाले तेही आधी तिला कळलं, पप्पांना महिन्याने. आम्ही बोलताना एकमेकींकडे बघायचो नाही, दोघी आरशात बघायचो. तसं बोलणं मला जमायचं. तेव्हा माझी अशी समजूत होती की आरशासमोरचं हे बोलणं दोन्हीकडून सारखंच चालतं. मी तिला सगळं सांगते, तर तीही मला सगळं सांगत असणार.

ताईचं लग्न लांबत चाललं होतं. एकदा जमून मोडलं होतं, आणि त्यानंतर येणारी स्थळं कमी कमी होत गेली. तिने अठ्ठाविसावं ओलांडलं त्या वर्षी एका लग्नात पंगत वाढली जात असताना मोठी माय, म्हणजे पप्पांच्या मोठ्या भावाची बायको, सगळ्यांना ऐकू जाईल असं मम्मीला म्हणाली, "आते काय वं, तुन्ही वैशालीले बिजवरच भेटी." म्हणजे पहिली बायको गेलेला. आजूबाजूच्या बायका हसल्या. मम्मीही हसली, आणि घरी येऊन तिने दोन दिवस डोकं दुखतं म्हणून पडून काढले. मोठी माय वाईट बाई नव्हती, तिला हशा पिकवायची सवय होती. पण मम्मीने ते वाक्य उरात धरून ठेवलं.

अक्कलकुव्याजवळच्या खापर गावचं स्थळ आलं तेव्हा माझी परीक्षा चालू होती. दहा-बारा दिवसांत सगळं ठरलं. मुलगा चौतिशीचा, घरची शेती, खापरच्या बाजारात पाइप आणि मोटारींचं दुकान. घरात फक्त आई, बहिणी लग्न होऊन गेलेल्या. मी त्याला साखरपुड्यातच पहिल्यांदा पाहिलं. शांत वाटला. चहाचा कप त्याने स्वतः उचलून आत नेऊन ठेवला, हे माझ्या लक्षात राहिलं. त्या संध्याकाळी ताई माझ्या डोक्याला तेल लावत असताना मी विचारलं, "इतकी वर्षं यांचं लग्न कसं काय राहिलं?"

ताईची बोटं थांबली नाहीत. "बहिनीसना लगनमा राही गयं त्यासनं," ती म्हणाली.

मला ते फार आवडलं. बहिणींसाठी थांबलेला माणूस.

आमच्यात मुलीचं सामान मांडवात मांडून दाखवत नाहीत. लग्नाच्या दोन दिवस आधी ते टेम्पोने सासरी जातं, आणि माहेरचं कोणीतरी सोबत जाऊन तिची खोली लावून येतं. नवरीच्या आरशावर नवी ओढणी बांधलेली असते. नवरी घरात आल्यावर ती सोडायची, त्याआधी नवरीने त्यात बघायचं नाही. खोली लावायला कोण जाणार हा प्रश्नच नव्हता. "बेबीच जाई," ताई म्हणाली. मग मला एकटीला म्हणाली, "मन्हा आरसापुढे तुन्हाच हात फिराले पाहिजे." मी त्या रात्री वहीत चित्र काढून ठेवलं, कोणती वस्तू कुठे. नवं टेबल सागवानी होतं, नवापूरकडच्या सुताराने केलेलं, आरशाला वर कमान. मी माझ्या साठवलेल्या पैशांतून निळ्या काचेची एक कुपी आणि छोटा पितळी ट्रे घेतला होता, कोणालाही न दाखवता.

टेम्पोत पुढे मामा आणि ड्रायव्हरच्या मध्ये मी. पाठीमागे गादी, कपाट, आणि रजयांमध्ये गुंडाळलेला आरसा. तापीचा पूल ओलांडला, तळोदा गेलं, अक्कलकुव्याला मामाने चहा पाजला. मामा नेहमी बडबड्या, पण त्या दिवशी गप्प होता. एकदाच म्हणाला, "बेबी, तठे जास्त काही बोलू नको हां." मला हसू आलं. मी जास्त बोलेन अशी भीती आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला तरी वाटली होती.

खापरचं घर बाजारापासून थोडं आत, पुढे ओटा, मागे गोठा. ताईच्या सासूबाई, त्यांना मी मावशी म्हणायचं ठरलं होतं, पदर खोचून बाहेर आल्या. बारीक, ताठ, कपाळ रिकामं. "ये वं माय, ये. पहिले पानी पे. टेबल काय पयी जावाव नही." म्हणजे टेबल काही पळून जाणार नाही. त्यांनी आम्हाला डाळीचे वाफवलेले फुणके आणि कढी वाढली. मी दोन फुणके खाल्ले तर त्यांनी तिसरा ताटात टाकून म्हटलं, "इतलुसं खास, मंग बोलाले जोर कोठून येई?" मामा मोठ्याने हसला. मलाही त्या आवडल्या. आताही आवडतात, हे इथे सांगून टाकते, कारण पुढच्या गोष्टीत त्यांची काही चूक नाही.

खोलीला नवा रंग दिला होता, फिकट पिवळा. रंगाचा वास जाऊ दे म्हणून दोन्ही खिडक्या उघड्या. मामाने आणि ड्रायव्हरने टेबल खिडकीच्या उजवीकडे लावलं आणि ते ओट्यावर जाऊन बसले. मी ट्रे, कुप्या, बांगड्यांची नळी असं काढून पलंगावर ठेवत होते तेव्हा मावशी दारात आल्या. त्यांच्या हातात लाल कापडाची लिंबाएवढी पुरचुंडी होती. "हाई तुन्ही बहिनले देजो. तिन्हाच हातमा दे. तिले माहीत शे." मी मान हलवली. काय आहे म्हणून विचारायला हवं होतं. पण मी मान हलवणारी मुलगी आहे. पुरचुंडी पर्समध्ये ठेवली आणि कामाला लागले.

दीड तास लागला. आरशावरची ओढणी सोडायची नव्हती, म्हणून मी खालूनच अंदाजाने मांडत होते. डावीकडे निळी कुपी, तिच्या मागे उंच अत्तराची बाटली, पुढे टिकल्यांची डबी. उजवीकडे बांगड्या. पिना एका वाटीत. मधे पितळी ट्रे. आणि ट्रे रिकामा. तिथे काहीतरी हवं होतं, चमकणारं, छोटं, एकटं. मी कुंकवाचा करंडा ठेवून पाहिला, तो फार जाड दिसला. गजरा ठेवला तर दोन दिवसांत वाळला असता. मग मला पुरचुंडी आठवली. फक्त बघायची, असं म्हणून मी गाठ सोडली.

आत चांदीचा चौकोनी पत्रा होता, दोन बोटं रुंद, वर कडी. त्यावर ठशाने उठवलेली एक बाई, डोक्यावर पदर, दोन्ही हात खाली. डोळे म्हणजे दोन टिंबं. मामाच्या देवघरात असे देवांचे टाक मी पाहिले होते, म्हणून मला वाटलं ही या घरची देवी असेल, नव्या सुनेसाठी दिलेली. किती सुंदर, असं मनात आलं. नव्या सामानात एक जुनी वस्तू असली की सगळं जिवंत होतं, हे मला व्हिडिओंवरून माहीत होतं. ट्रेमध्ये लाल कापडाच्या घड्या घातल्या आणि त्या घड्यांना टेकवून तो टाक मधोमध उभा केला. मागे सरून पाहिलं. जागा भरली होती.

मी अकरा फोटो काढले. त्यातला एक निवडला, उजेड खिडकीतून येतोय असा. घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर चाळीसेक माणसं होती, सगळे काका, काकू, आत्या, त्यांची मुलं. मी त्या ग्रुपवर कधी वाढदिवसाच्या शुभेच्छाही दिल्या नव्हत्या. त्या दिवशी मी फोटो टाकला आणि खाली इंग्रजीत लिहिलं, ताईचा कोपरा. त्या क्षणी मी फार खूश होते. ते लपवत नाही.

हृदयं आली, अंगठे आले. एका आत्याने लिहिलं, "बेबीने केलं? वा!" मग मोठ्या मायचा आवाज आला. तिला टाइप करता येत नसे, ती बोलूनच पाठवायची. "वा वं बेबी, भलतं भारी मांडं. पन तो मधला टाक कोना शे? सवतना टाक शे का तो? वैशालीना नवरा बिजवर शे का वं? आम्हले कोनी सांगंच नही!" आणि शेवटी तिचं ते हसू.

त्यानंतर ग्रुपवर कोणी काही बोललं नाही. चाळीस माणसांची शांतता मोबाइलमध्येही कळते. मी तो आवाज पुन्हा लावला, कानाशी धरून. सवत हा शब्द मला माहीत होता. टाक माहीत होता. दोन्ही एकत्र कधी ऐकले नव्हते.

मम्मीचा फोन आला. "कोनले इचारीसन धाडा तो फोटो?" ती ओरडली. माझ्याशी ती अहिराणीत बोलली याचंच मला आधी नवल वाटलं. "पहिले डिलीट कर! आते ना आते! इतला दिन झाकी ठेयं, दोन दिनसाठे तू पानी फिराई दिधं!" मी डिलीट केला. तोवर जवळजवळ सगळ्यांनी पाहिलेला होता. मी विचारलं, "मम्मी, हे खरं आहे?" ती एकदम थंड झाली आणि शुद्ध मराठीत म्हणाली, "घरी आल्यावर बोलू. मामाला फोन दे."

मी फोन द्यायला गेले नाही. मावशी आत आल्या होत्या. त्यांनी टेबलाकडे पाहिलं आणि त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. मला वाटलं आता या रागावतील. मी तो टाक उचलायला हात पुढे केला तर म्हणाल्या, "राहू दे जराखा." मग टाकाकडे बघत, "ज्योतीले मांडं का तू? बरं कयं. दोन वरीसथाईन ती डबामाच व्हती."

ज्योती त्यांची पहिली सून. कावीळ झाली, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी गेली. त्यांच्या घरची रीत अशी, की नवी सून आली की गेलेलीचा टाक तिने गळ्यात घालायचा. नवी साडी आधी त्याला लावायची, अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पहिला घास त्याच्या नावाने काढून ठेवायचा. म्हणजे गेलेलीला राग येत नाही. मावशी हे सगळं साधेपणाने सांगत होत्या, मला माहीत असलेलंच पुन्हा सांगावं तसं. "तुन्ही बहीन भलती गुनी," त्या म्हणाल्या. "साखरपुडाना आगला आठवडामा उनी व्हती, तुन्ही मायसंगे. ज्योतीना फोटोना पाया पडनी. जेवीसन गई."

साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यात ताई आणि मम्मी साड्या घ्यायला सुरतला गेल्या होत्या. मला परीक्षेमुळे जाता आलं नव्हतं. ताईने येताना माझ्यासाठी केसांची एक क्लिप आणली होती, सुरतच्या मोठ्या दुकानातली म्हणून. ती त्या वेळी माझ्या केसात होती. मावशींसमोर ती काढणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी घरी पोचेपर्यंत तशीच ठेवली.

निघताना मी टाक पुन्हा लाल कापडात बांधून पर्समध्ये ठेवला. येताना मामा म्हणाला, "तुले कोनी सांगेल नव्हतं?" मी नाही म्हणून मान हलवली. तो म्हणाला, "मन्हा मनमा तुले माहीत व्हई," आणि मग तळोद्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसला. मी हिशेब करत होते की कोणाकोणाला माहीत होतं. मम्मी, पप्पा, मामा, आणि मामाला माहीत म्हणजे मामीलाही. ज्या घरी मी मान खाली घालून फुणके खाल्ले त्या घरी सगळ्यांना. मला खरं तर एकाच माणसाबद्दल जाणून घ्यायचं होतं, आणि तेही मला कळून चुकलं होतं. तरी मी वाटभर तिच्यासाठी सबबी शोधत राहिले. तिला उशिरा कळलं असेल. मम्मीने शपथ घातली असेल.

घरी पोचले तेव्हा ताई आमच्या खोलीत जमिनीवर बसली होती, दोन्ही हात कोपरापर्यंत मेंदीने भरलेले, पाय पुढे पसरलेले. पार्लरवाली तिच्या पावलावर नक्षी काढत होती. बाहेर मम्मी फोनवर कोणा काकूला समजावत होती. मी दारातच उभी राहिले. मला ते आरशात बघून बोलायचं होतं, नेहमीसारखं, पण ती जमिनीवर होती आणि आरशात फक्त समोरची भिंत दिसत होती.

"यांचं पहिलं लग्न झालेलं होतं," मी म्हणाले.

"माहीत आहे मला," ताई म्हणाली. शुद्ध मराठीत. आमच्या खोलीत तिने माझ्याशी तसं बोललेलं मला एकदाही आठवत नाही.

"तू म्हणालीस बहिणींची लग्नं..."

"मग काय म्हणायला हवं होतं?"

पार्लरवाली मान वर न करता नक्षी काढत होती. तिचा हात अडखळला नाही. तिलाही ही बातमी नवी नव्हती, हे मला त्या हातावरून कळलं. मी विचारलं, "हिलाही माहीत आहे?" पार्लरवाली म्हणाली, "बेबी, आम्हाला काय, बायका बसल्या बसल्या बोलतात." आणि तिने कोन खाली ठेवून पाणी प्यायला बाहेर जाण्याचा शहाणपणा केला.

"मी कोणाला सांगणार होते?" मी म्हणाले. "माझ्याशी बोलतं कोण?"

"म्हणूनच," ताई म्हणाली. ती हात हवेत धरून बसली होती, मेंदी लागू नये म्हणून, त्यामुळे तिला डोळेही पुसता येत नव्हते. "बाकीच्यांना कळलं त्याचं काही वाटलं नाही. तुला सांगायचं म्हटलं की वाटायचं, तू काही बोलणार नाहीस. नुसती बघशील. बिचारी ताई, असं. ते मला नको होतं. तू त्यांना चांगलं समजत होतीस. मला तेच बरं वाटत होतं, घरात कोणीतरी एक जण तरी."

"ते चांगले नाहीत का?"

"चांगले आहेत. पहिल्याच भेटीत त्यांनी सगळं सांगितलं. तिचं नाव, ती कशी गेली, ते किती दिवस दुकानात गेले नाहीत. म्हणून तर मी हो म्हणाले. इतकी स्थळं बघितली, बेबी, खरं बोलणारा हा पहिला माणूस."

"आणि तू मला?" एवढंच माझ्या तोंडून आलं.

मी पर्समधून पुरचुंडी काढली. तिच्या हातावर ठेवता येत नव्हती, म्हणून तिच्या मांडीवर ठेवली. तिने खाली पाहिलं. "तू उघडलीस?" ती म्हणाली. त्यात राग होता, आणि त्या रागाने मला फार दुखलं, कारण तो खरा होता. तिला वाटत होतं की मी तिचा विश्वास तोडला. एका परीने ते बरोबरही होतं. माझ्या हाती एक बांधलेली वस्तू दिली होती आणि मी ती उघडून चाळीस जणांसमोर मांडली होती. आज मला दोन्ही बाजू दिसतात. त्या दिवशी मला फक्त माझी दिसत होती, आणि अजूनही दोन्हींत माझीच जास्त जड वाटते.

लग्न व्यवस्थित झालं. हळदीला मोठी माय सगळ्यांच्या आधी आली. पाटावर बसलेल्या ताईच्या गालाला हळद लावत म्हणाली, "मी सांगेल व्हतं ना वं?" मंडपात सगळ्यांचे कान उभे. ताई म्हणाली, "हा मोठी माय, तुमनं तोंड भलतं खरं. आते माले दोन पोरं व्हतीन असंबी सांगी द्या, म्हनजे तेबी व्हई जाई." बायका इतक्या हसल्या की मोठ्या मायलाही हसावं लागलं, आणि इतके महिने मम्मीने जे झाकून ठेवलं होतं ते एका वाक्यात संपलं. मला आठवतं, मी हळदीची वाटी धरून शेजारी उभी होते आणि मला वाटलं, इतकं सोपं होतं तर. म्हणजे माझ्यापासून लपवायची गरजच नव्हती. मी हसले नाही. ताईने माझ्याकडे बघितलं, मी वाटी दुसऱ्या हातात घेतली.

ती गेल्यावर चारही खण माझे झाले. मी काही दिवस फळी पुसली, मग सोडून दिली. पहिल्यांदा माहेरपणाला आली तेव्हा तिच्या गळ्यात मंगळसूत्राखाली तो टाक होता. ती माझ्या डोक्याला तेल लावायला बसली, पुन्हा अहिराणीतच बोलायला लागली, खापरच्या गमती सांगितल्या, मावशी मला विचारतात म्हणाली. मग तिचा नेहमीचा प्रश्न आला, आज कोणाशी बोललीस. मी म्हणाले, बोलले बऱ्याच जणांशी. ते खोटं होतं. तिला ते ओळखता आलं असणार, पण तिने तेल लावणं चालू ठेवलं.

मी हे लिहिते आहे म्हणजे काही म्हातारी झालेली नाही. पंचवीस वर्षांची आहे आणि नाशिकला नोकरी करते. ताई सुखात आहे, तिला तीन वर्षांची मुलगी आहे, जिजाजी अजून कप उचलून आत नेऊन ठेवतात. तिच्यावर मी प्रेम करत नाही असं कोणी म्हणू नये. पण त्या दिवसाबद्दल आम्ही परत कधी बोललो नाही, आणि आता बोलणार नाही असं दिसतं.

माझ्या ऑफिसात एक जण आहे. आमचं ठरलं आहे. दिवाळीत घरी गेले तेव्हा मी मम्मी-पप्पांना सांगितलं, मनात दोनदा म्हणून बघून. पप्पांनी त्याच्या वडिलांचा नंबर मागून घेतला. मम्मी डोळे पुसत म्हणाली, "वैशालीला फोन लावू?" मी म्हणाले, "इतक्यात नको." मम्मीने का म्हणून विचारलं नाही. "बरं," म्हणाली आणि गॅसवरचं दूध बघायला गेली.

ताई दर रविवारी फोन करते. परवाही केला. मागे तिची मुलगी काहीतरी वाजवत होती, मावशी तिला दटावत होत्या. "काय चालू शे वं तुन्हं? काही नवीन?" तिने विचारलं. मला वाटलं होतं, आवाज अडखळेल, तिला कळेल. मी म्हणाले, "काही नाही ताई, तेच आपलं." ती हसून म्हणाली, बरं, जेवण करत जा नीट, आणि मुलीने वाजवायचं भांडं कुठून काढलं ते सांगायला लागली. मी सगळं ऐकून घेतलं, मधे मधे हं म्हणत.